अक्षराआधीची वेलांटी

आईला जाऊन सहा महिने होत आले. रोज थोडं लिहिते. एका बैठकीत अर्धं पान झालं तरी पुरे वाटतं, कारण मध्येच तिचा आवाज आठवतो आणि पेन खाली ठेवावं लागतं. तिच्या सगळ्या आयुष्याबद्दल लिहिण्याची माझी ताकद नाही. मी एका हिवाळ्याबद्दलच लिहिणार आहे. नव्वदच्या दशकाचा तो मध्य होता. मी एकोणीस वर्षांची होते, बारावी झाले होते आणि मला मराठी टंकलेखनाच्या परीक्षेला बसायचं होतं. मला त्या परीक्षेला बसू देतात की नाही, एवढाच त्या हिवाळ्याचा प्रश्न होता. तो सुटेपर्यंत आईला आणि मला अख्ख्या गल्लीशी भांडावं लागलं.

आम्ही शेवगावला राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, नगरजवळ नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. तिथंच दोघातिघांत एक खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला एसटीने घरी यायचे. आई मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. वीस वर्षं तिनं तिथं भाकरी थापल्या. मग एका वर्षी सकाळी तिची बोटं उघडेनात. आधी तासभर, मग दुपारपर्यंत. भाकरी काठाला फाटायला लागली. तळहाताच्या टाचेनं ती काही महिने रेटत राहिली. वसतिगृहाच्या रेक्टरबाई भल्या होत्या, त्यांनी तिला भाजी निवडायला बसवलं, पण मेथीची काडी चिमटीत धरता येईना तेव्हा तीच म्हणाली, "आता बसून पगार घ्यायचा म्हंजी लाज वाटती," आणि घरी आली.

सगळ्यांनी सांगितलं, वात आहे. निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, आंबट बंद केलं, दही बंद केलं. वर्षभराने नगरच्या एका डॉक्टरांनी नाव सांगितलं, संधिवात, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी दिली. त्या गोळीनं दुखणं कमी झालं. बोटं मात्र तोवर करंगळीच्या बाजूला कलली होती, वाऱ्यावर बाजरी कलते तशी. ती सरळ झाली नाहीत.

दर दोन महिन्यांनी मी आईला नगरला घेऊन जायची. अशाच एका खेपेला डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तू काय करतेस?"

"टायपिंग शिकते."

"बोटं दुखतात?"

"क्लासहून आल्यावर थोडी."

"सकाळी आखडतात?"

"नाही."

ते म्हणाले, आईला आहे म्हणून तुझंही रक्त एकदा बघून ठेवू. त्यांनी चिठ्ठी दिली. शेवगावला एक लॅब होती, तिथं मी रक्त दिलं. लॅबवाल्यानं ते नगरला पाठवलं आणि चार दिवसांनी या म्हणाला.

चौथ्या दिवशी मी क्लासला होते, म्हणून आई एकटीच रिपोर्ट आणायला गेली. इथं जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाच्या घरात झाली असती असं मला वाटत नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं, मराठीही ती अक्षर जुळवून वाचायची. पण इंग्रजी शब्द तिच्याकडे पुष्कळ होते, सगळे वसतिगृहातून आलेले. त्यांतला एक होता पॉझिटिव्ह. रेक्टरबाई रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर मुलींना सांगायच्या, "मुलींनो, पॉझिटिव्ह राहा." आई आतून तव्यावरची भाकरी उलटताना ते ऐकायची. वीस वर्षं ऐकलं. त्यामुळे लॅबवाला जेव्हा म्हणाला, "तुमच्या मुलीचा पॉझिटिव्ह आलाय," तेव्हा तिनं पाकीट कपाळाला लावलं, येताना दुकानातून पावशेर साखर घेतली आणि गल्लीत शिरता शिरता दारोदार वाटत आली. "घ्या, तोंड गोड करा. पोरगी पॉझिटिव्ह आली!"

गल्लीलाही तो शब्द माहीत होता, पण दुसऱ्या शाळेतून. मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या आळीतला एक ट्रक ड्रायव्हर वाळत वाळत गेला होता. त्याच्या रिपोर्टात हाच शब्द होता. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर त्या आजाराचं, एड्सचं, चित्र रंगवलेलं होतं. आमच्याकडे पॉझिटिव्हचा अर्थ तेवढाच होता.

मी क्लासहून आले तेव्हा शेजारची मावशी आमच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. तिनं कागदाची पुडी पायरीवर ठेवली.

"काय गं मावशी?"

"साखर हाय. आमच्यात कुनाला गोड चालत न्हाई."

"परवा तर तुमच्याकडं शिरा होता."

"आता न्हाई चालत," म्हणाली आणि माझ्या अंगाला पदर लागू नये म्हणून तो गोळा करून गेली.

आत आई खुशीत होती. मी रिपोर्ट वाचला. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवाताची तपासणी, आणि पुढं तो शब्द. आईला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला, कारण अर्थ मलाही पुरता कळला नव्हता. एवढं कळलं होतं की शोधलेली गोष्ट रक्तात सापडली आहे.

"म्हंजी वाईट असलं की पॉझिटिव्ह?"

"तपासणीत तसं."

"अन् चांगलं असलं की?"

"निगेटिव्ह."

"मंग त्या बाई वीस वर्सं पोरीस्नी काय आजारी पडा म्हनत हुत्या का?" ती म्हणाली. मला हसू आलं. तिलाही आलं. मग तिनं आपले हात मांडीवर घेतले आणि उलटे करून बघितले.

दोन दिवसांनी आम्ही नगरला गेलो. डॉक्टरांनी माझी बोटं एक एक करून दाबली, मनगटं वळवली आणि म्हणाले, "आजार नाही. रक्तात खूण आहे."

"खून म्हंजी?" आईनं विचारलं.

"रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या राखणदार. बाहेरचा जंतू आत आला की त्यांनी ओळखायचा आणि मारायचा. शरीर म्हणजे काही शिंगणापूर नाही, दारं न लावता भागायला. इथं सतत पहारा लागतो."

"बरं मग?"

"मग कधी राखणदाराची ओळख चुकते. घरच्या माणसालाच तो चोर समजतो. तुमच्या सांध्यांत ते झालं. मुलीच्या सांध्यांत काही झालेलं नाही. राखणदारांच्यात कुजबुज सुरू झालीय, एवढंच या कागदावरून कळतं."

"कवा धरल तिला?"

"सांगता येत नाही. पाच वर्षांनी, पंधरा वर्षांनी. कदाचित कधीच नाही. कितीतरी माणसांच्या रक्तात ही खूण असते आणि ती सुखानं म्हातारी होतात."

"म्हंजी तुमाला ठावं न्हाई."

डॉक्टर हसले. "नाही, बाई. मला नाही, कुणालाच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळी बोटं अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडून राहिली, किंवा सुजली, तर लगेच यायचं. तोवर जे करतेस ते कर."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. मला टाइपरायटर आठवत होता. मराठी मशीनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. बोलताना आपण क म्हणतो आणि मग इ लावतो, पण मशीनवर आधी वेलांटीची कळ, मग क. नव्या मुली इथंच चुकतात. वेलांटी मारून झाली की कागदावर ती एकटी उभी असते, पुढच्या अक्षराची वाट बघत. अक्षर येईपर्यंत तिचा काही शब्द होत नाही. मला वाटलं, माझ्या रक्तात सापडलेली गोष्ट अशी आहे. वेलांटी पडली आहे. अक्षर पडायचं आहे, किंवा पडायचं नाहीही. आणि मी त्या मोकळ्या जागेकडे बघत आयुष्य घालवणार नव्हते. हे ठरवताना मला फार धीर आला होता असं नाही. राग आला होता. कशावर ते नेमकं सांगता आलं नसतं.

आता अशा माणसांबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं, ज्यांना आजार नाही पण धोका आहे. सांधे सुजण्याच्या कितीतरी वर्षं आधी रक्तातल्या पेशींचं वागणं बदललेलं असतं, हे आता अधिक बारकाईनं बघता येतं. कोणत्या पेशी, काय बदल, त्यावर आधीच काही करता येईल का, याचा शोध चालू आहे. मी ते सगळं मिळेल तसं वाचते. ज्याला धोका आहे त्यानं त्या वर्षांत कसं जगायचं, हे मात्र मला वाचायला मिळालं नाही. ते मला शेवगावातच शिकावं लागलं.

त्या दिवशी नगरहून घरी आल्यावर आईनं माझ्या हातातली बादली काढून घेतली. तिच्या कललेल्या बोटांनी बादलीची कडी धरता येत नव्हती, म्हणून कडी मनगटात अडकवून ती मोरीकडे निघाली. "गार पान्यात हात घालायचा न्हाई. कनिक मळायची न्हाई. धुनं मी बघते."

"आई, मला काही झालेलं नाही."

"हुईल."

"डॉक्टर म्हणाले, नाहीही होणार."

"डाक्टरला ठावं न्हाई म्हनले त्ये. मला ठावं हाय कसं असतं त्ये."

अण्णा सुट्टीला आले तेव्हा तेही तिच्याच बाजूला गेले. लेथवर काम करून त्यांना सगळं मशीनच्या भाषेत दिसायचं. "मशीन जेवढं चालवाल तेवढं झिजतं," ते मला म्हणाले. "बोटं जपून वापर. टायपिंगचं राहू दे एक वर्ष."

मी गप्प बसणारी मुलगी होते. वाद घालण्यापेक्षा मी वाचनालयात जाऊन बसायची. त्या दिवशीही गप्पच बसले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आई उठायच्या आत धुणं धुतलं, कणीक मळून झाकून ठेवली आणि नऊच्या बॅचला क्लासला गेले.

क्लास बाजारपेठेत, बियाणांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. दोन खोल्या, आठ मशीनं. मी चार नंबरच्या मशीनवर बसायची. त्याची र ची कळ थोडी जड होती, पण मला त्याची सवय होती. त्या दिवशी चार नंबरवर झाकण तसंच होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मशीनं रिकामी होती. मुली पलीकडे दाटीनं बसल्या होत्या. मी झाकण काढलं. कळांना फिनेलचा वास येत होता.

सर भित्रे होते, वाईट नव्हते. त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं. "तू थोडे दिवस विश्रांती घे."

"मला काही झालेलं नाही, सर. आईला संधिवात आहे. माझ्या रक्तात त्याची खूण आहे."

"असेल गं. पण मुलींच्या घरचे येऊन गेले."

"आणि परीक्षेचा फॉर्म?"

फॉर्मवर क्लासचा शिक्का आणि सरांची सही लागायची. सगळे फॉर्म महिनाअखेरीस एकत्र नगरला जायचे. माझा भरलेला फॉर्म त्यांच्या खणात होता.

"बघू," ते म्हणाले.

मी घरी कुणाला सांगितलं नाही. रोज नऊ वाजता पिशवी घेऊन निघायची आणि वाचनालयाच्या मागच्या बाकावर बसायची. एका पुठ्ठ्यावर मी सगळा कळफलक काढला, पट्टी लावून, एकेक अक्षर जागेवर, आणि त्यावर बोटं चालवायची. पुठ्ठ्यावर आवाज होत नाही आणि ओळीच्या शेवटी घंटी वाजत नाही. चूक झाली तरी दिसत नाही. तरी बोटांना रस्ता विसरू द्यायचा नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी घरी, आई झोपली आहे असं समजून, मी पुठ्ठा काढला. थोड्या वेळानं वर बघितलं तर ती दारात उभी होती.

"ह्ये काय?"

मग मला सांगावं लागलं. फिनेलचंही सांगितलं. तिनं फिनेलबद्दल दोनदा विचारलं. कळा पुसल्या? नुसत्या चार नंबरच्याच? मी हो म्हणाले.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"चल म्हन्ते ना."

क्लासचा जिना ती एकेका पायरीवर थांबत चढली. तिचे गुडघेही धरलेले होते. वर दुपारची बॅच चालू होती. ती दारात उभी राहिली तसं मशीनांचा आवाज एकामागून एक बंद पडत गेला.

"जयभीम, गुरुजी."

सर उठून उभे राहिले. "या मावशी, बसा."

"बसाया न्हाई आले. पोरीची मशीन कोनती?"

मी दाखवली. तिनं मनगटानं झाकण बाजूला सारलं आणि आपला उजवा हात उघडून कळांवर ठेवला. बोटं चार कळांवर आडवी पडली. तीन अक्षरं एकदम वर येऊन एकमेकांत अडकली.

"ह्ये बघा. ह्याला म्हन्त्यात पॉझिटिव्ह. माझं हाय त्ये. पोरीच्या रगतात त्याची निस्ती कुजबुज हाय. धरा ह्यो हात."

सर जागचे हलले नाहीत.

"धरा की. वीस वर्सं ह्या हातच्या भाकरी गावच्या पोरींनी खाल्ल्या. एक बी मेली न्हाई. लठ्ठ झाल्या लेकी."

मागून एक मुलगी हसली. सरांनी घाबरत दोन बोटांनी तिचा हात धरला.

"मावशी, मला कळतं. पण लोकांना कोण समजावणार? उद्या चार मुली क्लास सोडून गेल्या तर?"

"कळा पुसल्या म्हनं तुमच्यात."

सरांनी तिचा हात सोडला आणि अडकलेली तीन अक्षरं मोकळी करायला घेतली.

"आमाला पुसनं नवं न्हाई, गुरुजी. माझी आई बसून उठली की जाग्यावर पानी शिपडायची लोकं. मी लहान हुते, माझ्या डोळ्यादेखत. मला वाटलं हुतं, मशीनला तरी जात नसंल."

खाली दुकानात कुणीतरी कांद्याचं बी मागत होतं, ते आम्हाला वर ऐकू आलं. सरांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, "तसं नाही हो मावशी. असं करू. दुपारी दोन ते तीन क्लास रिकामा असतो. तेव्हा तिनं येऊन सराव करावा. कुणाची तक्रार नाही. फॉर्मचंही मग बघता येईल."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिला ते चालण्यासारखं वाटलं असावं. मला वाटलं, आत्ता हो म्हटलं की परीक्षेला बसता येईल. आणि पुढं प्रत्येक ठिकाणी मला अशीच रिकामी वेळ मिळेल, कुणी नसताना यायची.

"नको, सर," मी म्हणाले. "मी नऊच्या बॅचला येईन. चार नंबरवर बसेन. ज्यांना लांब बसायचं त्यांनी बसावं. आणि मी पैसे भरलेत तेवढे दिवस तुम्ही मला नाही म्हणू शकत नाही."

सर गोंधळले. "अगं, पण लोकांना..."

"लोकास्नी मी सांगते," आई म्हणाली. "तुमी मला निस्ता बाक द्या."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज माझ्याबरोबर यायची आणि जिन्याच्या वरच्या टोकाला, दाराशी, बाकावर बसायची. मी आत टाइप करायची आणि बाहेर तिचं काम चालायचं. मुलींना सोडायला, बघायला आलेल्या प्रत्येक बाईला ती थांबवायची आणि हात पुढं करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आत बसून मी तिचं एकेक वाक्य ऐकायची आणि चुका करायची.

"व्हय हो, ह्यो त्यो आजार न्हाई?" एका मुलीची आई विचारत होती. शेतीवाडीच्या घरातली होती, पदर डोक्यावरून घट्ट.

"त्यो असता तर माझा नवरा आधी गेला असता. त्यो अजून दर सुट्टीला मटन मागतो."

"धरल्यानं लागत न्हाई?"

"धरल्यानं लागत असतं तर नगरचा डाक्टर आधी वाकडा झाला असता. रोज धरतो त्यो. धरा."

त्या बाईनं धरला. हातात हात घेऊन उलटा केला. मग म्हणाली, "बया, लई दुखत असंल."

"आता न्हाई दुखत. सकाळी दुखतं."

"माझ्या सासूचं असंच हुतं. आमी करनी म्हनायचो."

ती बाई आईशेजारी बाकावरच बसली आणि मुलीचा तास संपेपर्यंत सासूबद्दल बोलत राहिली.

सगळ्या अशा नव्हत्या. एकीनं मुलीचं नाव काढून घेतलं. एकजण हात न धरताच खाली उतरून गेली आणि जिन्यावरून म्हणाली, "असले वर यायला लागले की असंच." आई तिच्या मागं ओरडली, "वर आले म्हनून तर बघितलंत! खाली असते तर कळलं बी नसतं!" घरी आल्यावर मात्र ती त्या बाईबद्दल बोलली नाही. त्या रात्री जेवलीही कमी.

आठवडाभर ती बसली. चार नंबरच्या डावीकडचं मशीन चौथ्या दिवशी भरलं. उजवीकडचं शेवटपर्यंत रिकामं राहिलं. शेजारच्या मावशीनं काही साखर परत घेतली नाही, पण एकदा क्लासला निघताना आईला जिना चढायला हात लागेल म्हणून ती स्वतःच बरोबर आली. बाकावर पलीकडच्या टोकाला बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, "माझ्या शेजारीच ऱ्हात्यात त्या. मला ठावं हाय ना सगळं." आईनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

फॉर्म पाठवायच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. खणातून माझा फॉर्म काढला, सही केली, शिक्का मारला. शिक्क्याची शाई ओली होती म्हणून त्यावर फुंकर घातली. "बरोबर आहे का बघ," एवढंच म्हणाले. मी बघितलं. मग म्हणाले, "तुझी र अजून हलकी पडते. जोर लाव."

परीक्षा नगरला होती. क्लासची मशीनं टेम्पोतून केंद्रावर गेली. आम्ही पहाटेच्या एसटीनं गेलो. अण्णा नागापूरहून सायकलवर तिथं आले होते. कडाक्याची थंडी होती. गाडीतून उतरताना माझ्या लक्षात आलं की माझी बोटं आखडलेली आहेत. मूठ पूर्ण मिटत नव्हती.

मी घड्याळ बघितलं. अर्धा तास, डॉक्टर म्हणाले होते. मी काही न बोलता पेपर सुरू व्हायची वेळ मोजायला लागले. आईच्या ते लक्षात आलं. तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि तिच्या त्या टणक, कललेल्या बोटांनी चोळायला लागली.

"आखडलीत?"

"हो."

"माझी बी."

"तुझी रोजच असतात, आई."

"आज जास्त हायेत. थंडी हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "थंडी नसली तरी आत जायचं. आखडलेल्या बोटानं बी भाकरी हुती. मी केलीय."

अण्णा बाजूला उभे होते. ते म्हणाले, "मशीन सुरुवातीला जाम असतं. दोन मिनिटं चालवलं की ऑइल फिरतं." टायपिंग बंद कर म्हणणाऱ्या माणसाची ती माघार होती.

घंटा झाली. मी आत गेले. पहिल्या दोन ओळींत तीन चुका झाल्या. तिसऱ्या ओळीपासून बोटं सुटली. किती वेळानं सुटली, अर्ध्या तासाच्या आत की बाहेर, मी बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलंच होतं. उतारा पूर्ण झाला, तेव्हा घडीच्या हातपंख्यासारखी माझी बोटं हवेत उघडमीट करत होती आणि पर्यवेक्षक बाई माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होत्या.

मी पास झाले. फार चांगले गुण नव्हते. दोन वर्षांनी तालुक्याच्या एका कचेरीत लिपिक-टंकलेखक म्हणून लागले. रुजू होताना एक छापील अर्ज भरायचा होता. त्यात एक रकाना होता: कोणताही आजार आहे काय. शेजारच्या टेबलावरचे वयस्कर कारकून माझ्या कागदाकडे बघत होते. माझी गोष्ट शेवगावात कुणाला माहीत नव्हती?

"तिथं नुसती रेघ मारा, बाई," ते हळूच म्हणाले. "हो लिहू नका, नाही लिहू नका. पुढं काही झालं तर अडचण नको."

त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं. घरातल्या माणसांच्या आजारांसाठी खाली वेगळी जागा होती, तिथं मी आईचा संधिवात स्पष्ट अक्षरात लिहिला, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग वरच्या रकान्यात आले. माझ्या रक्तात काय आहे ते मला माहीत होतं, आणि ते आजही तिथंच आहे. पण विचारलं होतं ते वेगळं होतं.

मी तिथं "नाही" लिहिलं, आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.